परदेशात भाड्याची गाडी रस्त्याकडेला लावायची आहे – पाट्या कशा वाचायच्या?

पांथस्थ_४२

म्युनिकहून भाड्याची गाडी घेऊन व्हिएन्ना, तिथून फ्लॉरेन्स, मग झुरिक आणि परत म्युनिक असा दोन आठवड्यांचा बेत आहे. गाडी चालवायची धास्ती नाही, उभी करायची आहे. नकाशावरचे रस्त्यांचे फोटो बघत बसलो आणि डोकं चक्रावलं. शंका अशा:

निळ्या गोलात कधी एकच लाल तिरकी रेघ असते, कधी लाल फुली. फरक काय? त्याच गोलात कधीकधी पांढरा बाण असतो, तो कशाचा? काचेआड घड्याळासारखी निळी चकती ठेवतात, तिच्यावर नेमकी कोणती वेळ लावायची? जिथे एकही पाटी नाही तिथे गाडी लावलेली चालते का? आणि चुकलंच तर दंड जागेवर भरायचा की मागाहून घरी येतो?

कडेकडेने

आधी फुली आणि रेघ, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. १९६८ च्या व्हिएन्ना करारातली ही चिन्हं जवळजवळ सगळ्या युरोपात सारखीच आहेत. निळा गोल, लाल कडा आणि एक तिरकी रेघ म्हणजे गाडी लावून जायला मनाई, पण माणूस उतरवण्यापुरतं किंवा सामान काढण्यापुरतं थांबता येतं. फुली म्हणजे थांबायचंच नाही, अगदी बॅग खाली ठेवण्यापुरतंही नाही. चौकोनी निळ्या पाटीवर पांढरा पी म्हणजे गाडी लावायला परवानगी. मात्र पी दिसला म्हणून लगेच इंजिन बंद करू नका. खऱ्या अटी त्याखालच्या पांढऱ्या पट्टीवर असतात.

‘थांबणं’ कुठे संपतं आणि ‘पार्किंग’ कुठे सुरू होतं, हे जर्मनीत आकड्यात सांगितलेलं आहे. ३ मिनिटांपेक्षा जास्त थांबलात किंवा गाडी सोडून गेलात की ते पार्किंग. चालक आत बसलेला आहे, ब्लिंकर चालू आहेत, या सबबी चालत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो. ब्लिंकर लावले म्हणजे परवाना मिळाला असं तिकडे कोणी मानत नाही.

आता बाण. जर्मनीत पाटी उजव्या कडेला असते. गोलातला पांढरा बाण रस्त्याच्या दिशेला, म्हणजे डावीकडे असेल तर मनाई तिथून सुरू होते. बाण रस्त्यापासून बाहेरच्या दिशेला असेल तर तिथे संपते. दोन्हीकडे टोकं असतील तर तुम्ही पट्ट्याच्या मध्यात आहात. बाण नसेल तर मनाई पाटीपासून पुढे, त्याच बाजूला, पुढचा फाटा येईपर्यंत किंवा पार्किंगचीच दुसरी पाटी येईपर्यंत लागू. म्हणून गाडी लावल्यावर फक्त समोरची पाटी वाचून भागत नाही. मागे चालत जाऊन आधीची पाटीही बघावी लागते, कारण तुमच्यावर राज्य बहुधा तिचंच असतं.

आणखी एक बारकावा. जर्मनीतला मनाईचा गोल रस्त्याच्या फक्त गाड्या धावतात त्या भागाला लागू होतो, शेजारच्या पार्किंगच्या पट्ट्याला नाही. पट्ट्यालाही लावायचा असेल तर खाली ‘आउफ डेम झाइटनश्ट्राइफन’ (कडेच्या पट्ट्यावर) असं लिहितात. ही अक्षरं ओळखायला शिका. पट्टा मोकळा दिसतो म्हणून लोक गाडी लावतात आणि ती उचलली जाते.

चकतीचं म्हणाल तर पोचल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या तासाच्या रेघेवर काटा. १०:०५ ला पोचलात तर १०:३०. ‘२ तास’ लिहिलं असेल तर १२:३० पर्यंत.

साडेनऊचा_काटा

वरचा प्रतिसाद उत्तम, फक्त चकतीत सुधारणा. अर्ध्या तासाचा नियम जर्मनीचा आणि स्वित्झर्लंडचा. ऑस्ट्रियात पुढच्या पाव तासावर लावता येतो. इटली आणि फ्रान्समध्ये पोचल्याची खरी वेळच लावायची. तिथे जर्मन सवयीने पुढचा अर्धा तास लावलात तर चकती भविष्यातली वेळ दाखवते आणि तपासनीस समोर उभा असेल तर ती सरळ लबाडी ठरते. फ्रान्स सोडून बाकी चारही देशांतून जाणार आहात, म्हणून हद्द ओलांडली की काटा लावायची सवय बदला.

जर्मन चकती निळी, ११ बाय १५ सेंटिमीटरची. भाड्याच्या गाडीत ती बहुधा दाराच्या कप्प्यात किंवा पुढच्या ग्लव्ह बॉक्समध्ये असते. गाडी ताब्यात घेतानाच शोधा, नसेल तर मागून घ्या. कागदावर वेळ लिहून ठेवणं किंवा छोटी खेळण्यातली चकती हा पर्याय नाही. वेळ संपल्यावर नुसता काटा पुढे सरकवणंही नियमात बसत नाही.

झुरिकच्या निळ्या रेघांचं गणित वेगळं आहे. पाटीवर तासांचा आकडा नसतो, तो पाठच असावा लागतो. सोमवार ते शनिवार, सकाळी ८ ते ११:३० आणि दुपारी १:३० ते ६ या वेळात पोचलात तर १ तास. ११:३० ते १:३० मध्ये पोचलात तर २:३० पर्यंत. संध्याकाळी ६ नंतर पोचलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी ९ पर्यंत. म्हणजे संध्याकाळी ६:१० ला मिळालेली निळी जागा रात्रभर फुकट, पण ६ च्या बऱ्याच आधी मिळालेली नाही. 

व्हिएन्नाला चकती जवळजवळ विसरा. १ मार्च २०२२ पासून जवळजवळ सगळं शहर ‘कुर्त्सपार्कत्सोने’ (थोड्या वेळाच्या पार्किंगचा विभाग) आहे. कामाच्या दिवशी सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते रात्री १०, एका जागी जास्तीत जास्त २ तास, पैसे भरून. गोम अशी की गल्लीगल्लीत पाटी नसते. हद्दीवर एकदा लिहिलं की आतल्या सगळ्या रस्त्यांना लागू. आत शिरताना नजर चुकली तर पुढे तुम्हाला आठवण करून देणारं काही नाही. १५ मिनिटांसाठी थांबलात तरी तिकीट सुरू करावंच लागतं. दिवसभर शहरात फिरायचं असेल तर रस्त्याचा नाद सोडा. शहराच्या कडेला मेट्रोजवळ ‘पार्क अँड राइड’मध्ये गाडी ठेवलेली बरी.

फुटपाथ_खाली

‘पाटी नाही तिथे चालतं का’ या प्रश्नाकडे वरच्या दोघांनी काणाडोळा केला. दंड नेमका तिथेच बसतो. पाटी नसली तरी नियम असतोच, आणि तो परवाना काढतानाच शिकलेला असावा अशी अपेक्षा असते.

जर्मनीत चौकाच्या किंवा फाट्याच्या अलीकडे-पलीकडे ५ मीटर मोकळे. उजवीकडे वेगळा बांधलेला सायकलमार्ग असेल तर ८ मीटर. ही मापं रस्त्यांच्या कडा जिथे मिळतात त्या बिंदूपासून घ्यायची. अरुंद गल्लीत गाडी लावल्यावर शेजारून जायला सुमारे ३.०५ मीटर जागा उरली पाहिजे, हा आकडा तिथल्या न्यायालयांच्या निकालांतून रूढ झाला आहे. अग्निशमनाचा बंब जाईल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. दुतर्फा वाहतुकीच्या रस्त्यावर गाडी उजव्याच बाजूला, तोंड वाहतुकीच्या दिशेने. समोर मोकळी जागा दिसली म्हणून रस्ता ओलांडून उलट्या तोंडाने घुसवायची नाही. एकेरी रस्त्यावर डावी बाजूही चालते.

फुटपाथवर चाकं चढवायला बंदी आहे. अपवाद फक्त जिथे पी-च्या पाटीवर किंवा जमिनीवरच्या खुणांनी तशी मुभा दिली आहे तिथे. पाटीवरच्या चित्रात गाडी अर्धी वर, अर्धी खाली दाखवलेली असते, ती तशीच लावायची. सगळी खाली लावली तरी चूक, सगळी वर चढवली तरी चूक. आणि खेळणारं मूल नि घर काढलेली निळी पाटी दिसली की पुढे फक्त आखलेल्या चौकटीतच जागा. चौकट नसेल तर पार्किंग नाही, मग रस्ता कितीही रुंद असो.

फ्रान्सला वळसा घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: कडेच्या दगडावर सलग पिवळी रेघ म्हणजे थांबायचंही नाही, तुटक पिवळी म्हणजे पार्किंग नाही. काही गावांत महिन्याच्या १ ते १५ तारखेला विषम क्रमांकाच्या घरांच्या बाजूला आणि १६ पासून अखेरपर्यंत सम क्रमांकांच्या बाजूला गाडी लावायची. बदल शेवटच्या दिवशी रात्री ८:३० ते ९ च्या दरम्यान. एकाच जागी सलग ७ दिवसांपेक्षा जास्त गाडी सोडली तर तीही उचलली जाऊ शकते, जागा फुकट असली तरी.

जुनी_वेस

फ्लॉरेन्सचं मी सांगतो, कारण इटलीत पार्किंगच्या आधी शहरात शिरण्याचाच प्रश्न येतो.

जुन्या वस्तीच्या हद्दीवर ‘झोना आ ट्राफिको लिमितातो’ (मर्यादित वाहतुकीचा भाग) अशी पाटी असते, पांढऱ्या गोलाला लाल कडा आणि शेजारी कॅमेरा. परवानगी नसलेली गाडी आत गेली की नंबर टिपला जातो. अडवत कोणी नाही, म्हणून फसगत होते. विजेच्या पाटीवर ‘वार्को आत्तीवो’ दिसलं की लोकांना वाटतं वाट चालू आहे. अर्थ बरोबर उलटा. कॅमेरा चालू आहे, तुम्ही शिरू नका. ‘नॉन आत्तीवो’ असेल तर वाट मोकळी. हॉटेल आत असेल तर आरक्षण करतानाच विचारा की गाडीचा नंबर ते नोंदवून देतात का, किती वेळासाठी, आणि नंबर कधीपर्यंत कळवायचा. भाड्याच्या गाडीचा नंबर हातात आल्यावरच कळतो, म्हणून किल्ली घेतल्या घेतल्या हॉटेलला पाठवा. नकाशाचं अॅप या हद्दी नेहमी धरतंच असं नाही.

जमिनीवरच्या रेघा सोप्या आहेत: पांढऱ्या सहसा फुकट (फ्लॉरेन्समध्ये मात्र बऱ्याच पांढऱ्या रहिवाशांसाठी राखीव), निळ्या पैशांच्या, पिवळ्या राखीव. पिवळ्यांत दिव्यांग, मालवाहू, रहिवासी असं काहीही असू शकतं. त्यात शिरायचं नाही, एवढंच लक्षात ठेवा. पांढऱ्या रेघांतही बाजूला चकतीची पाटी आहे का ते बघायचं.

दिवस चित्रांत लिहिलेले असतात. एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे म्हणजे कामाचे दिवस, आणि शनिवार त्यात धरलेला आहे. क्रूस म्हणजे रविवार आणि सणाची सुट्टी. ‘०–२४’ म्हणजे अष्टौप्रहर. वेळच लिहिलेली नसेल तर शहरी रस्त्यावरची पार्किंगबंदी सकाळी ८ ते रात्री ८, आणि वस्तीबाहेर चोवीस तास. हे पाटीवर कुठेच लिहिलेलं नसतं! पट्टीवरचा वर जाणारा बाण म्हणजे मनाई सुरू, खाली येणारा म्हणजे संपली, दोन्ही म्हणजे चालू. ‘पासो काराबिले’ लिहिलेल्या दारासमोर गाडी लावायची नाही, आणि गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकचं चित्र दिसलं की तिथली गाडी उचलून नेणारच. रस्ता धुण्याच्या रात्रीची पाटी वेगळी असते. महिन्यातून एखाद-दुसरीच रात्र, पण त्या रात्री अख्खी ओळ हटवतात.

पांथस्थ_४२

सगळ्यांचे आभार. बऱ्याच गाठी सुटल्या. आता परीक्षा घेतो. म्युनिकमधल्या एका खांबावर वरून खाली असं आहे: फुलीचा गोल, त्याखाली ‘वेर्कटाग्स ७–९’ (कामाच्या दिवशी). मग निळा पी, त्याखाली चकतीचं चित्र नि ‘२ तास’, आणि सगळ्यात खाली ‘सोमवार–शुक्रवार ९–१८’. मी शनिवारी सकाळी ८:३० ला पोचणार. लावू का?

कडेकडेने

नाही, अजून अर्धा तास नाही.

खांब वाचायची रीत अशी: पांढरी पट्टी तिच्या लगेच वरच्या चिन्हाची असते, सगळ्या खांबाची नाही. म्हणजे ‘७–९’ फुलीची, आणि चकती, ‘२ तास’ नि ‘सोमवार–शुक्रवार’ पी-ची. पहिली फट ‘वेर्कटाग्स’ या शब्दात आहे. आपण त्याचा अर्थ सोमवार ते शुक्रवार असा करतो, पण जर्मन कायद्यात शनिवारही त्यात येतो, फक्त रविवार आणि सरकारी सुट्ट्या वगळतात. तेव्हा शनिवारी ८:३० ला पूर्ण बंदी.

९ वाजले की चित्र पालटतं. चकतीची अट फक्त सोमवार ते शुक्रवार, म्हणून शनिवारी ९ नंतर चकतीही नको आणि वेळेचं बंधनही नाही. रविवारभर तशीच ठेवा. सोमवारी सकाळी ७ च्या आत मात्र हलवायची, नाहीतर पावतीऐवजी रिकामी जागा दिसेल.

हाच खांब शुक्रवारी संध्याकाळी वाचा. ४:४० ला पोचलात, काटा ५ वर, म्हणजे ७ पर्यंत मुभा. पण ६ नंतर चकतीची अटच संपते, म्हणून गाडी शनिवारी सकाळी ७ पर्यंत राहते. रात्री गाडी लावून झोपणाऱ्याने नेहमी उद्या सकाळची ओळ आधी वाचावी. खांबावर ती बहुतेक वेळा सगळ्यात वरच असते.

उजवे_स्टिअरिंग

बेतात नसलं तरी धागा शोधत येणाऱ्यांसाठी इंग्लंड नि अमेरिकेचं लिहून ठेवतो.

ब्रिटनमध्ये खांबापेक्षा रस्त्याची कड जास्त बोलते. कडेला दुहेरी पिवळी रेघ म्हणजे कधीच गाडी लावायची नाही, आणि तिला पाटीची गरज नसते. एकेरी पिवळी म्हणजे ठरावीक वेळी बंदी. ती वेळ जवळच्या पाटीवर असते, किंवा तुम्ही ‘कंट्रोल्ड पार्किंग झोन’मध्ये असाल तर झोनच्या तोंडाशी लिहिलेली असते, व्हिएन्नासारखीच. सुट्टीचा दिवस आहे म्हणून पिवळी रेघ आपोआप शिथिल होत नाही, पाटीवर तसं लिहिलेलं असावं लागतं. कडेच्या दगडावर छोट्या आडव्या पिवळ्या खुणा असतील तर माल चढवण्या-उतरवण्यावरही बंधन: एक खूण म्हणजे ठरावीक वेळी, दोन म्हणजे कधीच नाही. लाल रेघा पिवळ्यांपेक्षा कडक, दुहेरी लाल असेल तर क्षणभरही थांबणं नाही. झेब्राच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या नागमोडी रेघांवरही नाही. चौकापासून १० मीटर दूर राहा. ‘नो रिटर्न विदिन २ अवर्स’ म्हणजे गाडी काढून फेरी मारून तीच जागा पुन्हा धरू नका.

अमेरिकेत तीन शब्दांत सगळा फरक आहे. न्यूयॉर्कचा अर्थ घ्या: ‘नो पार्किंग’ असेल तर माणसं किंवा सामान चढवता-उतरवता येतं, ‘नो स्टँडिंग’ला फक्त माणसं, ‘नो स्टॉपिंग’ला काहीच नाही. कानाला ‘स्टँडिंग’ सौम्य वाटतं, पण ते पार्किंगपेक्षा कडक आहे. एका खांबावर पाचसहा पाट्या असतील तर आधी बाणाने तुमची बाजू ठरवा, मग दिवस, मग वेळ. दोन पाट्या एकाच वेळेला लागू होत असतील तर कडक असलेली खरी. झाडूचं चित्र म्हणजे झाडलोटीची वेळ. सणासुदीला झाडलोट रद्द झाली तरी मीटर चालूच राहू शकतो, या दोन गोष्टी वेगळ्या धरा.

पाण्याच्या बंबाच्या नळापासून, म्हणजे हायड्रंटपासून, न्यूयॉर्कमध्ये १५ फूट मोकळे सोडायचे, आणि तिथे कड रंगवलेली असेलच असं नाही. कॅलिफोर्नियात कडेचा रंगच नियम सांगतो: लाल थांबू नका, पिवळा माल, पांढरा माणसं उतरवायला, हिरवा थोड्या वेळासाठी, निळा दिव्यांगांसाठी. झेब्राच्या अलीकडे २० फूट मोकळे ठेवायचा नियम तिथे आता रंग नसला तरी लागू आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढावर चाकं वळवून ठेवावी लागतात. उताराला तोंड असेल तर कडेकडे, चढाला तोंड असेल तर कडेपासून दूर. विसरलात तर तोही दंड.

साडेनऊचा_काटा

पैसे भरताना काय चुकतं तेही सांगून टाकतो. बऱ्याच शहरांत आता कागदी तिकीट काचेआड ठेवत नाहीत, गाडीचा नंबरच तिकीट असतो. नेदरलँड्समध्ये तपासणी करणाऱ्या गाड्या नंबरपाट्या वाचत जातात. शून्य आणि ओ यांत गल्लत झाली, किंवा मशीनवर मागच्या भाड्याच्या गाडीचा जतन झालेला नंबर राहिला, तर पैसे भरूनही दंड. म्हणून नंबर किल्लीच्या टॅगवरून नाही, गाडीच्या पाटीवरून बघून टाका. अॅपवर विभागाचा क्रमांक मशीनवर छापलेलाच भरा. नकाशावरच्या ठिपक्यावर विसंबलात तर शेजारच्या, स्वस्त विभागात पैसे जातात. आणि मशीनवर चिकटवलेल्या क्यूआर कोडने पैसे भरू नका. बनावट स्टिकर चिकटवून कार्डाची माहिती लांबवायचे प्रकार अनेक देशांत झाले आहेत. अॅप आधीच फोनवर घेऊन, कार्ड जोडून ठेवा.

दंडाचं. काचेवर पावती असेल तर त्यावरच्या क्रमांकानिशी लगेच ऑनलाइन भरा. ब्रिटनमध्ये पालिकेची पावती १४ दिवसांत भरली तर निम्मी रक्कम, इटलीत नोटीस मिळाल्यापासून ५ दिवसांत ३० टक्के सूट. कॅमेऱ्याचा दंड आधी भाड्याच्या कंपनीकडे जातो, ती तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचे वेगळे पैसे तुमच्या कार्डावरून कापते. ही कपात म्हणजे दंड भरला असं नाही. खरी नोटीस मागाहून येते. इटलीला परदेशात राहणाऱ्याकडे ती पोचवायला ३६० दिवस असतात, म्हणून प्रवासाचे कागद आणि तिकिटांचे स्क्रीनशॉट वर्षभर जपा.

फुटपाथ_खाली

एक राहिलं. जर्मनीत पायावर उभ्या केलेल्या तात्पुरत्या मनाईच्या पाट्या दिसतील, घर हलवणारे किंवा रस्ता खोदणारे लावतात. त्यावर तारखा असतात. तुम्ही गाडी लावली तेव्हा पाटी नव्हती, हा बचाव ३ पूर्ण दिवसांपुरताच टिकतो. चौथ्या दिवशी गाडी उचलली तर खर्च तुमचा. म्हणून म्युनिकला गाडी ठेवून रेल्वेने चार दिवस कुठे जाणार असाल तर रस्त्यावर नको, गॅरेजमध्ये ठेवा.